शेजारचा विस्तव

मंडळी, हे पत्र आळीत सगळ्यांना वाचून दाखवा. आजच घडलंय.

लोणावळ्यात भाडं निम्मं, म्हणून माझा हेवा करत होतात ना? वाचलेलं भाडं घासलेट आणि सरपण गिळतंय. इथल्या दमट हवेत काडीसुद्धा धड पेटत नाही.

सकाळी ह्यांच्या देहूरोडच्या गाडीची वेळ झाली, डबा व्हायचा होता आणि चूल पेटेना. शेजारच्या हिरामावशींनी न मागता खापरीत विस्तव आणून दिला. मी आपली पुण्याच्या सवयीनं आणा पुढे केला.

मावशींचा चेहरा पडला. "इस्तवाचं पैसं कुनी घेतं व्हय?" एवढंच म्हणून गेल्या. मला मेलीला घास उतरेना.

दुपारी मावशीच खापरी घेऊन दारात. "पोरी, माजी चूल इजली. जरा इस्तू देतीस?"

मी चांगले फुललेले निखारे भरून दिले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि निघाल्या. मी दारात येऊन बघते, तर मावशी अजून अंगणातच होत्या, आणि त्यांच्या कौलांतून भरपूर धूर निघत होता.

आता तुम्हीच सांगा, मला इथलं राहणं महाग पडतंय का?