मंगळवारच्या अक्का

अक्का शेजारी येऊन बसल्या की त्या बोलायच्या आधी त्यांची छाती बोलायची. टक्, टक्, टक्. त्यांच्या हृदयात जुन्या पद्धतीची झडप होती, धातूच्या पिंजऱ्यात उड्या मारणारी एक गोळी. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात जरा शांतता झाली की तिची टकटक दोन माणसं पलीकडं ऐकू जायची. पहिल्या दिवशी मी मनगटावरचं घड्याळ काढून कानाला लावलं. ते तर बंदच होतं.

"तुझा नाही रे, माझा वाजतो," अक्का म्हणाल्या. "बारा वर्ष झाला. एकदापण चावी दिली नाही."

मी तेव्हा बावीस वर्षांचा. गडहिंग्लजच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल त्यांच्याच पाठीमागं उभं राहून केली म्हणून छड्या खाल्लेला, मग आयटीआय करून बेंगलोरला कारखान्यात चिकटलेला. राजाजीनगरच्या खोलीचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर धाप लागायला लागली तेव्हा तपासण्या झाल्या. लहानपणी सांधे सुजून जो ताप आला होता, तो जाताना हृदयाची एक झडप बिघडवून गेला होता म्हणे. ऑपरेशन करून ती बदलायची, नाहीतर... ह्या 'नाहीतर'च्या पुढं डॉक्टर कधी गेले नाहीत. रांग मोठी होती. दर मंगळवारी व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसायचं, आत जाऊन तपासून घ्यायचं आणि ऑपरेशनच्या तारखेची वाट बघायची. आई गावाहून माझ्याजवळ येऊन राहिली होती. तिला कन्नड येत नव्हतं. ती माझ्या शर्टाचं टोक चिमटीत धरून गप्प बसायची, जसा काही मी बाकावरून उडून जाणार होतो.

अक्कांचे पूर्वज तीनशे वर्षांमागं कुठल्यातरी फौजेबरोबर इकडं आले आणि इकडंच राहिले. घरात मराठी, पण अशी मराठी मी जन्मात ऐकली नव्हती. त्यांच्याकडं सगळ्या वस्तू त्यांच्या मर्जीनं बाई नाहीतर पुरुष व्हायच्या. 'माझा चप्पल कुठं गेला' आणि 'सूर्य उगवली' हे एकाच दमात. वर मला लाडानं 'मरी' म्हणायच्या. कन्नडमध्ये म्हणजे पिल्लू. पण झडप गेलेल्या माणसाला भर हॉस्पिटलात कुणी 'ये मरी' म्हटलं तर कसं वाटेल सांगा. आईनं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानावर हात ठेवले होते.

अक्कांना मी एकदा तोंडावर त्यांचीच नक्कल करून दाखवली. त्या पदर तोंडात धरून एवढ्या हसल्या की टकटक जोरात व्हायला लागली आणि मीच घाबरून थांबलो. "का थांबला? काय होत नाही रे, ती दणकट आहे," त्या म्हणाल्या.

'घाबरू नको' हे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. बाकी सगळे तेच म्हणायचे. आई, खोलीवरचे मित्र, कारखान्यातले फोरमन, रक्त काढणारी सिस्टर. अक्का उलट विचारायच्या, "भीती येती काय?" मी छाती काढून नाही म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या. "मग तुझ्याशी काय बोलू? ज्याला भीती येती त्याच्याशी बोलायला मी येते." आणि खरंच उठून दुसऱ्याच्या बाजूला जाऊन बसायच्या.

त्यांच्या पिशवीत चित्रान्नाचा स्टीलचा डबा असायचा. आम्हाला सगळ्यांना मीठ बंद, म्हणून त्या लिंबू पिळपिळ पिळून आणायच्या. बिनमिठाचा तो आंबट भात बाकभर फिरायचा. एक घास खाल्ला की डोळे आपोआप मिटायचे. "रडू येतो तर हा खा," अक्का म्हणायच्या. "लोकांना वाटेल लिंबामुळं आला."

ह्या बाकावरचं माझं काम म्हणजे करमणूक. मोठे डॉक्टर कुणाचंही काहीही ऐकलं की "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणायचे, अगदी पायाला सूज आली सांगितलं तरी. ते मी करायचो. चपराशी नाव पुकारताना प्रत्येकाचं आडनाव कसं गिळायचा, ते करायचो. आणि सगळ्यात जास्त मागणी गौडांच्या खोकल्याला. गौडा म्हणजे तुमकूरकडचे एक रिटायर पोस्टमन, आमच्यासारखेच रांगेतले. त्यांचा खोकला दोन छोटे, एक लांब आणि शेवटी बारीक शिट्टी. मी तो केला की गौडा स्वतः टाळी द्यायचे आणि हसता हसता खरंच खोकायचे, मग कुठला कुणाचा ते कळायचंच नाही.

मग एका मंगळवारी माझी तारीख आली. पुढच्या आठवड्यात दाखल व्हा.

त्या आठवड्यात मी काय काय खाल्लं, कुणाशी काय बोललो, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की आरशासमोर उभा राहून मी छातीवर बोटानं उभी रेघ मारून बघायचो. इथून कापणार. करवतीनं. दाखल व्हायला गेलो, डॉक्टरांनी छातीला नळी लावली, आणि माझ्या तोंडातून आपोआप दोन छोटे, एक लांब आणि शिट्टी. ठरवून केलं नव्हतं, देवाशप्पथ. पण करताना थांबलोही नाही. खोकला असला तर भूल देत नाहीत, हे बाकावर सगळ्यांना माहीत. डॉक्टर म्हणाले, आधी हा बरा करू, दोन आठवड्यांनी या. बाहेर आलो तेव्हा जिना उतरताना मी चक्क शीळ घालत होतो.

दोन आठवड्यांनी परत तेच केलं. ह्यावेळी ठरवून.

आई मारुतीला नारळ बोलली. मला झोपताना आता तीन उशा लागायला लागल्या, आडवं पडलं की पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं. ओठ जांभळे दिसायला लागले. मोठे डॉक्टर पहिल्यांदाच 'व्हेरी गुड' म्हणाले नाहीत. आईला त्यांनी इंग्रजीत सांगितलं की हृदय थकत चाललंय, आता उशीर नको. मी ते मराठीत सांगताना म्हटलं, "तब्येत छान आहे म्हणतात."

अक्का मागं उभ्या होत्या. त्यांनी आईला काही सांगितलं नाही. माझा दंड धरला आणि "कॉफी पिऊन येऊ" म्हणून कँटीनकडं घेऊन गेल्या. कॉफी मागवली नाहीच. समोर बसवलं.

"खोक."

"आत्ता येत नाहीये, अक्का."

"डॉक्टरसमोर येतो तो खोक."

मी खोकलो. त्या मान वाकडी करून, गाण्यातला सूर पारखावा तसा ऐकत राहिल्या.

"तुझा खोकला सुका आहे. वरच्या वर. मी ऐकले आहे. हा खालून येतो, शेवटी शिट्टी मारतो. हा गौडांचा."

पकडला गेलो की मी हसतो, ती माझी जुनी खोड. "जमलाय की नाही पण?"

"जमला. फार चांगला जमला." त्या म्हणाल्या. "गौडा गेले रे. मागच्या शुक्रवारी. मला काल कळला."

दोन मंगळवार ते दिसले नव्हते. मला वाटलं होतं तारीख मिळाली असेल.

"तीन महिने तो माणूस डॉक्टरसमोर खोकला दाबून बसायचा," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरच्या दारात गेला की लवंग चघळायचा. एकदा खोकला जाऊ दे, तारीख मिळू दे, एवढाच मागायचा देवाला. नाही गेला खोकला. आणि तू त्यांचाच खोकला घेऊन तारीख परत देतोस?"

कँटीनमध्ये भांड्यांचा आवाज चालला होता. तरी मला त्यांची टकटक ऐकू येत होती. मी म्हटलं, "अक्का, मला भीती वाटते." एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

"हां," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. "आता बोलू."

आणि बोलल्या. काही लपवलं नाही. त्या स्वतः पहिल्या वेळी पळून गेल्या होत्या, बस स्टँडपर्यंत, हातात हॉस्पिटलचा पट्टा तसाच. भूल देताना आकडे मोजायला लावतात, त्या कन्नडमध्ये सातापर्यंत गेल्या. जाग येते तेव्हा तोंडात नळी असते, बोलता येत नाही. "तू बडबड्या आहेस, तुला तोच जास्ती त्रास होईल." तहान लागते, भयंकर. छाती दुखते, मग एक दिवस कमी दुखते.

"मरतात का कुणी?" मी विचारलं.

"मरतात. खोटा कशाला सांगू? पण टेबलावर मरतात त्याहून बाकावर जास्ती मरतात रे. मी बाकावर बसते, मला माहीत आहे."

मी उठलो आणि तसाच डॉक्टरांच्या खोलीत घुसलो. खोकला खोटा आहे म्हटलं तर त्यांना पटेना. म्हणून त्यांना करून दाखवला, मग बंद करून दाखवला. तरी पटेना, म्हणून मी त्यांचीच "व्हेरी गुड, व्हेरी गुड" केली. सिस्टरच्या हातातला ट्रे हलला. डॉक्टर "व्हेरी बॅड" म्हणाले, आणि परवाची तारीख लिहिली.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेर काय झालं ते आईनं मागाहून सांगितलं. अक्कांनी तिचा तळवा उचलून आपल्या पाठीवर ठेवला. "बघा, चालतो की नाही? तुमच्या पोराचापण असाच चालेल." पाच तास आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मधे एकदाच काढला, पाणी प्यायला.

शुद्धीवर आल्यावर सगळं अक्कांनी सांगितलं होतं तसंच झालं, नळीसकट. मग नळी निघाली. तिसऱ्या दिवशी छातीशी उशी धरून मुद्दाम खोकायला लावतात, फुप्फुसं साफ व्हायला. मी दुखतं म्हणून नुसतं खाकरत होतो. अक्का दारात उभ्या. "नीट खोक. ह्यावेळी स्वतःचा."

माझी झडप नव्या पद्धतीची, बारीक आवाजाची. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मलाही सुरू झाल्या आणि तेव्हा कळलं, त्या गोळ्यांसाठी रक्त तपासायचं ते महिन्यातून एकदा. मग अक्का दर मंगळवारी कशाला यायच्या? मी विचारलं तर त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं.

"घरी सांगू नकोस हां. त्यांना वाटतो दर आठवड्याला माझा रक्त काढतात. नाहीतर सोडणार नाहीत. घरी बसून काय करू? सून कुकर लावती, मी शिट्ट्या मोजू?"

मी गडहिंग्लजला परतलो, तिथंच हलकं काम बघितलं. निघताना अक्का बस स्टँडवर आल्या होत्या. "पोचल्यावर कार्ड टाक. बरा आहे एवढाच लिही." मी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मराठीत, पण कन्नड अक्षरांत. त्यांना देवनागरी लिहायची सवय नव्हती आणि मला कन्नड बोलता आलं तरी वाचता येत नव्हतं. मग मी ते कार्ड घेऊन बाजारातल्या उडुपी हॉटेलच्या शेट्टींकडं गेलो. शेट्टी गल्ल्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. त्यांना अक्कांची मराठी कळायची नाही, मला अक्षरं. पण दोघांच्या मधून अक्का बरोबर यायच्या. 'गोळी चुकवू नको. मीठ कमी खा. आई कशी आहे. इथं एक नवीन पोरगी आली आहे, तुझ्यापेक्षा भित्री आहे, मजा येती.' चार वर्षं अशी कार्डं आली. मी डाळवड्याची प्लेट पुढ्यात ठेवून ऐकायचो आणि शेट्टींना म्हणायचो, जरा सावकाश वाचा.

मग कार्डं थांबली. मी दोन पाठवली, उत्तर नाही. वर्षाच्या तपासणीला बेंगलोरला गेलो, मुद्दाम मंगळवार गाठून. बाकावर सगळे नवे चेहरे. कुणाचीच छाती वाजत नव्हती. मी तिथून सरळ कार्डावरच्या पत्त्यावर गेलो.

दार मुलानं उघडलं. पन्नाशीचा, अक्कांसारखंच नाक. दिवाळीनंतर गेल्या, तो म्हणाला. दुपारी जेवून खुर्चीत बसल्या होत्या, सुनेला वाटलं डोळा लागला. सुनेनं कॉफी आणून ठेवली. मुलानं कप माझ्याकडं सरकवला. मग एकदम म्हणाला, "त्या हॉस्पिटलला काय सांगायचा हो. दर आठवड्याला रक्त काढला, दर आठवड्याला. अंगात काय राहिला होता तिच्या? मी एकदापण बरोबर गेलो नाही. दुकान, दुकान करत बसलो."

अक्कांना मी वचन दिलं होतं. मोडलं. म्हटलं, रक्त महिन्यातून एकदाच काढायचे.

"मग ती तिथं करायची काय?"

हे कसं सांगायचं? मी सांगायला सुरुवात केली आणि अडकलो. शेवटी मी खुर्चीत जरा पुढं सरकलो, पदर सावरला, म्हणजे तसा हात केला, आणि अक्कांच्याच आवाजात व्हरांड्यातल्या चपराशावर ओरडलो, "ओ साहेब! ह्या पोटुशी पोरीला उभी का ठेवलाय? ती खुर्ची काय तुमच्या लग्नात आला होता काय? उचला, द्या इकडं!"

आत स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. सून पळत दारापर्यंत आली आणि चौकट धरून तिथंच थांबली. मी घाबरून गप्प झालो. मुलानं डोळे मिटून घेतले होते.

"आणि एकदा," तो म्हणाला.

मी केलं. दुपारी तीनपर्यंत करत होतो.