कौसाची पाखरं, माझा कप

माझी बायको कौसा संक्रांतीच्या आधी दवाखान्यात वारली. जाताना तिनं शेवटचं माझ्याकडं नाय बघितलं, मोबाईलकडं बघितलं. त्या दिवशी आमच्या कबुतरांची शर्यत होती. अमरावतीच्या पलीकडून पाखरं सोडलेली, आणि ही खाटेवर, नाकाला नळी लावलेली, मला विचारते, "निळा आला का?" मी म्हणलं, "अगं, मी आलोय, डबा आणलाय." तर म्हणती, "तुमी येणारच हो. निळ्याचं बघा." मी मोबाईल तिच्या हातात दिला. निळ्याची, आमच्या नराची, घरी पोचल्याची वेळ उमटली होती. तिनं आकडे वाचले, मान हलवली, डोळे मिटले… ते मिटलेच. सात आठवडे झाले. लोक भेटायला येतात, रडतात, मी पण रडतो. पण खरं लिहायचं तर एका कबुतरावर माझा अजून राग आहे.

मी चौथी शिकलो. आमचा बाप मेंढरं वळायचा, कौसा पण मेंढरांच्याच घरातली. मी शहरात, मुकुंदवाडीत येऊन कंपनीत माल चढवायचं-उतरवायचं काम केलं आणि डोक्यावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला तशी गच्चीवर कबुतरांची ढाबळ बांधली. आमची पाखरं घराभोवती घिरट्या घालणाऱ्या जातीची नव्हेत, होमर. कुठंही नेऊन सोडा, आपल्या छतावर येणार. शहरातल्या सगळ्यांची पाखरं एका टेम्पोत भरून लांब न्यायची, सकाळी एकाच वेळी सोडायची, आणि आपापल्या गच्चीवर आभाळाकडं बघत बसायचं. जुन्या काळी पाखरू उतरलं की पकडून पायातलं नंबराचं रबर काढायचं आणि कुलूप लावलेल्या घड्याळाच्या पेटीत टाकायचं, पेटी वेळ छापायची. ह्या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पाखराला कळायच्या आत रबर पेटीत. कौसाला तेव्हा ढाबळीचा वाससुद्धा सोसायचा नाय. "मेंढरांतून उठले आन् पिसांत पडले," असं शेजारणीला सांगायची.

मग त्या पेट्या गेल्या. पाखराच्या पायात चिप असलेलं कडं आलं, ढाबळीच्या दारात काळी पाटी आली. पाखरानं पाटीवर पाय ठेवला की वेळ आपोआप लागते आणि त्याच घटकेला सगळ्या शहराच्या मोबाईलवर दिसते. कुणाचं छत किती लांब ते वरच्या उपग्रहावरून मीटरपर्यंत मोजलेलं. अंतर भागिले वेळ, ज्याचा वेग जास्त तो पहिला. म्हणजे आधी घरी आलेलं पाखरू हरू पण शकतं. हे माझ्या डोक्यात शिरायला एक हंगाम गेला. पाटी बसवायला शहागंजातला मोबाईल दुरुस्तीवाला सलीम आला. चाळिशीचा माणूस, दाढी नीट कातरलेली, अंगाला अत्तर. मला शिकवून थकला. माझी बोटं पोती ओढून रापलेली, मोबाईलची काच मला ओळखायचीच नाय. कौसा चहा घेऊन वर आली, उभी राहून बघत होती. सलीम म्हणाला, "भाभी, तुम आओ. हां, इधर दबाव. अब उधर… देखो चाचा, भाभीला आलं!" तिला आलं. पहिल्या दिवशी आलं. मी चहा न पिता खाली गेलो.

सलीम मग दर आठवड्याला यायला लागला. कधी पाटी बघायला, कधी नवीन पिलांची कडी चढवायला. मी आधी कंपनीतून सुटलो की मुकुंदवाडी स्टेशनबाहेरच्या टपरीवर कबुतरवाल्यांत बसायचो, दिवेलागण झाली तरी हलायचो नाय. आता गेटमधून पहिली सायकल माझी निघायची. घामाघूम होऊन वर यावं तर हे दोघं मोबाईलात बघून हसताहेत. "काय हसायला झालं?" "मालक म्हणून तुमचा फोटो टाकलाय, भुतावानी दिसता," कौसा म्हणायची. सलीम तिला भाभी म्हणायचा, ती त्याला भाऊ म्हणायची. त्यात काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून जळत होतं.

एकदा शर्यतीसाठी पाखरं भरायच्या दिवशी बघतो तर हिनं निळ्याच्या मादीच्या खोपट्यात दुसराच नर नेऊन बसवलेला, आणि निळा जाळीबाहेरून छाती फुगवून नुसता थयथयतोय. मी ओरडलो, "अगं, डोकी फोडतील एकमेकांची!"

"घटकाभर दाखवायचा. आता निळ्याला न्यायच्या खोक्यात घाला."

"हे कशाला?"

"पळत येईल घरी."

"तुला कुणी शिकवलं हे? सलीमनं?"

"तुमी," ती म्हणाली. "सलीमभाऊ यायला लागल्यापासून तुमी किती वाजता घरी येता, बघा जरा."

मी खोकं उचललं. पुढं आमच्या क्लबाच्या सेक्रेटरींनी, गारखेड्याच्या बापूंनी, सांगितलं की बाहेरच्या मुलखातले मोठमोठे कबुतरवाले हीच युक्ती करतात. कौसानं ती माझ्याकडं बघून काढली होती.

पुढं एका वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा तिचं खरं कसब दिसलं. टँकर आठ-आठ दिवस यायचा नाय, आणि आला की ही आधी पाखरांचं भांडं भरायची, मग आपली कळशी. शर्यत नागपूरच्या पलीकडून होती. वाटेतली तळी आटलेली. पाखरू तहानेनं कुठं पाण्याला उतरलं की तास जायचा, कित्येक आलीच नाहीत. त्यात विमानतळाच्या बाजूला इमारती इतक्या उठल्या होत्या की पाखरू डोक्यावर येईपर्यंत दिसायचं नाय. मी जालना रोडकडं तोंड करून भर उन्हात उभा. ती मागनं ओरडली, "अहो, आला! तुमच्या पाठीवरनं आला!" तेव्हाचा निळा म्हणजे आताच्या निळ्याचा बाप. एक घिरटी नाय, कठड्यावर बसणं नाय, सरळ पाटीवर आणि पाटीवरून मादीजवळ. चोच उघडी पडलेली, पाणी समोर, पण आधी मादीच्या खोपट्यात कोण आहे ते बघितलं त्यानं. मोबाईल वाजला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे वेग लागले. शहरात पहिला.

बापू स्वतः घरी आले. गच्चीवर बसले आणि म्हणाले, "बक्षिसाच्या कपावर नाव कुणाचं घालायचं? मशीन मामी चालवतात, पाखरू मामींनी तयार केलं. मामींचं घालू का?" कौसा ढाबळीत दाणे टाकत होती. तिचा हात थांबला. मी म्हणलं, "ढाबळ माझी, छत माझं. नाव माझंच." बापूंनी माझं नाव लिहून घेतलं. कौसा म्हणाली, "बापू, चहा घेता ना?" आणि खाली गेली.

समारंभात मी भाषण ठोकलं. इतकी वर्षं कसे कष्ट केले, पाखरांची पारख आपल्यात कशी बापापासून आली, सगळं सांगितलं. तिचं नाव घेतलं नाय. ती मागच्या खुर्च्यांत बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. येताना रिक्षात म्हणाली, "कप लई जड दिसतो. द्या, मी धरते." मुकुंदवाडी येईपर्यंत तिनं तो मांडीवर धरला, पदरानं पुसत राहिली. घरी आल्यावर मी काढून घेतला आणि कपाटावर उंच ठेवला, तिचा हात पोचणार नाय असा. ती एका शब्दानं बोलली नाय. त्या दिवशी नाय आणि पुढंही कधी नाय. भांडली असती तर बरं झालं असतं… सलीमवरचं माझं जळणं कधीच विझलं होतं. तो हिशोबात धरण्यासारखा माणूसच नव्हता. जळत होतं ते तिच्यावर. मी इतकी वर्षं जे घट्ट धरून होतो ते तिला दोन हंगामांत यावं, आणि ते पण माझ्यापेक्षा चांगलं, हे मला पचलं नाय.

तेराव्यानंतर मी गारखेड्याला बापूंकडं गेलो. म्हणलं, "ढाबळ कौसाच्या नावावर करा."

बापू म्हणाले, "मामा, गेलेल्या माणसाच्या नावावर ढाबळ होत नाय हो."

"मग जित्या माणसाच्या नावावर तिचा कप कसा झाला?"

बापूंनी चष्मा काढला. पुसून परत घातला. मग म्हणाले, "मालक तुमीच राहा. ढाबळीला नाव देता येतं, आणि दिलं की यादीत तेच दिसतं." त्यांनी मोबाईलवर दोन-चार ठिकाणी बोट लावलं. सगळं इंग्रजीत. मी म्हणलं, दुष्काळातली यादी काढा. निघाली. नाव बदललं की मागच्या याद्या पण बदलतात म्हणे. बापूंनी सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. पहिला नंबर, कौसा."

"आन् मी?"

"तुमी आता कुठंच नाय, मामा."

मीच मागितलं होतं. तरी गारखेड्यापासून घरापर्यंत वाटत राहिलं, निदान खाली बारीक अक्षरात तरी आपलं ठेवायला सांगायचं होतं. खोटं कशाला लिहू? माणूस मेलं म्हणून जळणं मरत नाय.

गेल्या रविवारी हंगामाची शेवटची शर्यत झाली. पाखरं भरताना निळ्याला दुसरा नर दाखवायला माझं मन झालं नाय. तसाच दिला. गच्चीवर एकटाच बसलो होतो. तो आला, पाटीवर पाय ठेवला, आत गेला. थोड्या वेळानं सलीमचा फोन आला, शहागंजातून, मागं दुकानांचा गोंगाट.

"चाचा, देखा क्या? कौसा पाचवी आली! मुकुंदवाडीची कौसा!"

"भाभी म्हण," मी म्हणलं. "नावानं कशाला घेतो?"

"मोबाईलवर तेच लिहिलंय, चाचा."

मी फोन बंद केला. ढाबळीचं दार लावलं, भांड्यात पाणी घातलं, खाली जायला निघालो. जिन्यात थांबलो आणि त्याला परत फोन लावला.

"क्या हुआ, चाचा?"

"काय नाय," मी म्हणलं. "काय लिहिलंय म्हणालास, ते परत एकदा वाच."