नारळ रिजेक्ट, कनेक्टर पास

आमच्या शॉपवर किस्से शोधायला जावं लागत नाही. चहाच्या सुट्टीत कप धरून उभं राहिलं की एखादा आपोआप अंगावर येतो. हे सगळे एकाच ऑर्डरच्या वेळचे.

सोलापूरच्या एमआयडीसीत आम्ही पंपाच्या स्टार्टरसाठी सर्किट बोर्ड बनवतो. वायर जोडायच्या कनेक्टरला सोल्डर मारत नाही. त्याची पिन बोर्डाच्या भोकापेक्षा किंचित जाड असते, प्रेसनं दाबली की रुतून बसते. पुण्याच्या गिऱ्हाइकाला हे पटेना. "आमचे साहेब येऊन बघतील, नाहीतर ऑर्डर कॅन्सल," असा निरोप आला. ऑर्डर गेली तर प्रेस बंद, आणि प्रेस चालवणाऱ्या शारदाक्का घरी. मी क्वालिटीला, म्हणजे माझाही जीव टांगणीला.

*

माझ्या मामाचं टीव्ही रिपेअरचं दुकान आहे. त्याला बोर्ड दाखवला. "सोल्डर न्हाय? मग काय थुंकी लावून चिकटवता व्हय गं?"

"ओढून बघ की," मी म्हटलं.

मामानं असा काही हिसका दिला की स्टुलासकट मागं गेला. कनेक्टर जागेवर. मामी आतून म्हणाली, "आपल्या दाराची कडीबी तिकडनंच बसवून आना."

*

खंडेनवमीला शारदाक्कांनी नारळ थेट प्रेसखाली ठेवला. "वर्षभर राबतंय, आज नारळबी त्यालाच फोडू दे."

नारळ फुटला, आणि प्रेसच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं, 'रिजेक्ट'. मी सवयीनं लाल स्टिकर लावून मोकळी! मग प्रसादाला कुणी हात लावेना, कारण रिजेक्ट माल मालकांच्या सहीशिवाय पुढं जात नाही. शेवटी मालकांनी नारळावर सही केली, तेव्हा खोबरं वाटलं.

*

व्हायब्रेशन टेस्टचं मशीन परवडत नव्हतं. मालकांनी बोर्ड मोटारसायकलच्या मागं बांधला आणि खड्ड्याखड्ड्यांतनं केम गावापर्यंत जाऊन आले. नंबरप्लेट वाटेत कुठं पडली, पत्ताच नाही. पोलिसांनी पावती फाडली. मालकांनी ती टेस्ट रिपोर्टला जोडली आणि खाली लिहिलं, "प्लेट गेली, पिन हलली नाही."

*

अखेर पुण्याचे साहेब आले. बोर्ड उलटसुलट करून म्हणाले, "आज घट्ट आहे हो. पण धरणाकाठच्या दमट हवेत वर्षभर टिकेल?" शारदाक्का नुसत्याच हात पुसत राहिल्या.

तेवढ्यात उजनी धरणाकाठचे एक तात्या दारात उभे. हातात बंद पडलेला बोर्ड, गेल्या वर्षी ट्रायलला त्यांच्या पंपावर आम्हीच बसवलेला.

"लाइटनं झटका दिला, बोर्ड गेला. त्येचं काय न्हाय," तात्या म्हणाले. "पर ह्यो कनेक्टर चांगला हाय. म्हटलं काढून दुसऱ्या बोर्डाला घालावा, तर निघंना की! आता ट्रॅक्टर लावायचा तेवढा राह्यलाय. असलं कुणी बसवतं व्हय?"

साहेबांनी तो बोर्ड घेतला. बाह्या सारल्या, माझ्याकडनं पक्कड मागितली आणि दातओठ खात ओढायला लागले. घामाघूम झाले. मग पक्कड ठेवली आणि मालकांना विचारलं, "माल कधी पाठवताय?"

शारदाक्कांनी तोंडाला पदर लावला. तात्यांनी मात्र बोर्ड पुन्हा माझ्यापुढं धरला.

"त्यास्नी माल द्या, न्हायतर नका देऊ. आदी माजी तक्रार लिवून घ्या. निघत न्हाय म्हनून."