वाटीतला बर्फ शेवटी विरघळला

रविवारी भर दुपारी नातीनं फ्रीजमधून तीन प्रकारचा बर्फ काढला. शाळेचा प्रयोग होता. पाणी तिन्हींत एकेक वाटीच... पण एक ताटलीत पसरून गोठवलेला, एक ट्रेमधले तुकडे आणि एक ह्यांच्या आमटीच्या वाटीतला अख्खा गोळा.

"आजी, सांग ना, आधी कुठला विरघळेल?"

मी बसल्या जागेवरून सांगितलं, आधी ताटलीतला, मग तुकडे. गोळा शेवटी, कारण त्याला बाहेरची हवा कमी लागते. "फार पूर्वी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं," म्हटलं.

मुलगी ओट्याशी भाजी चिरत होती. सुरीचा आवाज थांबला...

चार वर्षांपूर्वी, मे महिन्यात हे गेले. मुलगी पुण्याहून निघाली होती. ती येईपर्यंत ह्यांना बर्फावर ठेवायचं ठरलं. वाळूजच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या अख्ख्या आल्या होत्या. पाचोडचे दीर म्हणाले, "फोडा रे, बारीक करा. समदीकडून गार लागंल."

फोडला की लवकर जाईल, हे मला कळत होतं. पण अशा वेळी कोपऱ्यात बसलेल्या बाईला कोण विचारतं... मी गप्प राहिले.

बर्फ विरघळताना तडकतो. त्या दुपारी तो आवाज ह्यांच्या पाठीखालून येत होता. दीर दोनदा दचकून उठले, "दादा हलला!"

चारच्या आत सगळं पाणी झालं. थांबता येईना, ह्यांना नेलं. मुलगी तासाभरानं पोचली. तिला बापाचा चेहरा दिसला नाही.

इकडे रविवारी ताटलीत नुसतं पाणी उरलं होतं. तुकडेही गेले. लिंबाएवढा गोळा तेवढा उरला होता... आणि तो तडकला. तोच आवाज. घरात कुणी हललं नाही.

"आई, तेव्हाही माहीत होतं तुला?"

"हो."

तिनं सुरी खाली ठेवली. गोळा उचलून मुठीत धरला, पार पाणी होईपर्यंत. मग तोच हात माझ्या गालावर ठेवला. शेवटी मी ह्यांच्या कपाळाला हात लावला होता, ते होतं अगदी तेवढाच गार...

"बोलायचं होतंस गं," एवढंच म्हणाली.

चार वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. गाल अजून गार वाटतो. पण तिनं हात काढून घेतला नाही, एवढं मला पुष्कळ आहे.