विमलची मेथी आणि माझी दोनशे पानी वही

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच चहाचा कप हातात देते. कारण ही फजिती मी स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदाच सांगतेय. बाकी अख्खा बुवापाडा ती वर्षभर सांगतोच आहे, पण चुकीची! आणि चुकीचं सांगितलेलं मला खपत नाही. फजिती माझी आहे ना? मग ती नीट मीच सांगणार.

तर माझी धाकटी जाऊ, विमल. अंबरनाथला बुवापाड्यातल्या आमच्या चाळीत माझ्या खोलीला लागून तिची खोली. बाईला अक्षरओळख नाही. बँकेत गेली की अंगठा. आणि मी? शाळेची पायरी मीही चढले नाही, पण पोराच्या पाटीवर पोराच्या आधी मी अ-आ-इ-ई गिरवलं. भजी बांधून आणलेला कागद तेल पुसून वाचला, वाचून घडी घालून ठेवला. आज चाळीच्या फळ्यावर रोजचा सुविचार माझ्या हातचा असतो. पाणी किती वाजता येणार ते मी लिहिते. कोणाच्या घरी पाहुणे आलेत तेही लिहिते. कोणी विचारत नाही, पण लिहिते!

अशात बदलापूरच्या एका संस्थेची मॅडम चाळीत आली. वस्तीतल्या बायकांनी आपल्या परिसरासाठी एखादं छोटं काम करायचं, त्याला संस्था थोडा निधी देणार. अर्धा आधी, अर्धा काम बघून.

आता तुम्हीच सांगा, आमच्या चाळीत अर्ज लिहिणारं कोण? मीच ना? मी सतरा पानी अर्ज लिहिला. विषय: वालधुनी नदी उगमापासून खाडीपर्यंत स्वच्छ करणे. सोबत नकाशा. नकाशात नदी निळी रंगवली, वर चार मासे काढले. एक मासा तर हसत होता.

आणि विमलने काय केलं? पदर खोचून मॅडमसमोर उभी राहिली नि म्हणाली, "चालीच्या मांगं उकिरडा हाय. तिथं ड्रममधी खत करू नि भाजी लावू."

संपला तिचा अर्ज! मॅडमने स्वतःच्या हाताने लिहून घेतला, खाली विमलचा अंगठा.

निधी कोणाला मिळाला? विचारू नका. विचारलंत तर सांगावं लागेल. विमलला!

मला मॅडम म्हणाली, "आजी, तुमचं काम फार मोठं आहे हो. आमचा निधी छोटा आहे."

म्हणजे मोठा विचार करणारीने घरी बसायचं आणि उकिरड्याचा विचार करणारीने फोटो काढून घ्यायचे! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्या दिवशी फळ्यावर सुविचारच लिहिला नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, ते वेगळंच.

आमचे हे म्हणाले, "मग विमलच्या गटात जा की."

"अध्यक्ष करत असतील तर जाईन."

विमल ओट्यावर तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "ताई, अध्यक्ष-बिध्यक्ष कुनी नाय गो. सगल्यांनी मिलून बादल्या उचलायच्या."

बादल्या! ज्या जांभूळ गावच्या पाण्यावर इथले कारखाने चालतात, त्या जांभूळची मी माहेरवाशीण. मी विमलच्या हाताखाली खरकट्याच्या बादल्या उचलू?

नाही उचलल्या. मी एक दोनशे पानी वही आणली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर त्या उकिरड्यावर उघडते. तिथे स्टूल मांडलं. म्हटलं, विमल कुठे ना कुठे चुकणारच. चुकली की तारीख, वार, वेळ सगळं माझ्याकडे असलं पाहिजे. मग बघू दुसरा हप्ता कसा मिळतो!

आणि लिहायला लागले. मंगळवार, सहा वाजून दहा मिनिटे. विमल आली. ओला कचरा दोन बादल्या. हाताने उलटसुलट केला, हात नाकाशी नेऊन वास घेतला. घाणेरडी. बुधवार. गटातली जयश्री आली नाही, कारण गुडघा. मागच्या बुधवारीही गुडघाच. गुरुवार. कचऱ्यातून प्लास्टिकच्या पिशव्या सात, चप्पल एक, डावी. शुक्रवार. ड्रममध्ये ताक ओतले, म्हणे खत लवकर होते. घरी माझ्या दिराला ताक नाही, ड्रमला ताक!

हे म्हणायचे, "अगं, उशीपण घेऊन जा त्या खिडकीत." म्हणू देत. मोठी कामं अशीच होतात.

एवढ्यात माझ्या मनात आलं, हे निळे ड्रम आले कुठून? आमच्याकडे निळा ड्रम म्हटलं की आत कुठल्या कारखान्याचं काय होतं, देव जाणे. केमिकलचा ड्रम निघाला तर विमलचा खेळ एका दिवसात बंद! जयश्रीला गोड बोलून पत्ता काढला आणि रिक्षा करून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये ड्रम विकणाऱ्या शेटच्या गाळ्यावर जाऊन उभी राहिले.

"शेट, निळे ड्रम दिले ना तुम्ही अंबरनाथच्या बायकांना? त्यात आधी काय होतं?"

"अचार था मावशी, अचार! लोणचं! केमिकलवाला माल मैं रखता ही नहीं."

"कशावरून?"

"अरे मुंडी डाल के सूंघो ना!"

मी पदर सावरला आणि त्याच मालातल्या पाच ड्रमांत एकेक करून डोकं घातलं. पाचही लोणच्याचे! दोन कैरीचे, तीन मिरचीचे. मिरचीच्या तिसऱ्या ड्रममध्ये अशा शिंका आल्या की शेटने पाणी मागवलं. वहीत लिहिलं, ड्रम लोणच्याचे, स्वतः वास घेऊन खात्री केली. खोटं लिहिणं माझ्या स्वभावात नाही. हाच तर माझा घात झाला!

चार महिने असे गेले. मग एकदम वारं फिरलं. विमल गप्प गप्प राहायला लागली. गटाच्या बायका कोपऱ्यात कुजबुजायच्या आणि मी दिसले की तोंडं मिटायची. माझ्या मनाने लगेच ओळखलं: काहीतरी गडबड केलीय या बायांनी! नाहीतर चेहरे पडतील कशाला?

त्यात एक दिवस विमल माझ्या दारात. हातात मेथीची जुडी. त्या उकिरड्यावरची.

"ताई," ती पायाच्या अंगठ्याने उंबरा उकरत म्हणाली, "एक काम व्हतं तुमच्याकडं. म्हंजे, तुमी लिवता-वाचता ना…"

मी तिला पुढे बोलू दिलं तर ना! "विमल, मेथीची लाच मला चालत नाही! जे काय केलंयस ते निस्तर तुझं तू!"

ती जुडी उंबऱ्यावर ठेवून गेली. अन्न टाकू नये म्हणून मी ती केली. वहीत काय लिहिलं ते पुढे कळेलच. दुर्दैवाने सगळ्यांनाच कळलं.

त्याच दिवशी मी संस्थेला पत्र लिहिलं. 'सदर महिलेला दुसरा हप्ता देण्यापूर्वी तिच्या कामाचे पुरावे तपासावेत. चार महिन्यांचे सर्व पुरावे माझ्याकडे आहेत.' खाली पूर्ण नाव, ठसठशीत सही. निनावी पत्र घाबरट लोक लिहितात!

आठवड्याने मॅडम आली. थेट माझ्या दारात. "आजी, ती वही मिळेल?" मी दोन्ही हातांनी दिली. रविवारी मागच्या अंगणात सगळ्यांना बोलावलंय, म्हणाली. तुम्ही पुढे बसायचं, म्हणाली.

मी दिवाळीची साडी नेसले. पुढची खुर्ची पकडली. विमल एका ड्रमला टेकून उभी, चेहरा राखेसारखा. मला, खरं सांगते, थोडं वाईट वाटलं. पण थोडंच हं.

मॅडमने वही उघडली. "दुसरा हप्ता द्यायचा तर आमचा नियम आहे, रोज काम झाल्याची लेखी नोंद हवी, आणि ती गटाबाहेरच्या माणसाने केलेली हवी. विमलमावशी म्हणाल्या, काम केलं पण लिहिणारं कोणी नव्हतं. आणि आता हे बघा! एकसुद्धा दिवस सुटलेला नाही!"

मी वहीसाठी हात पुढे केला. मॅडमने पान उलटलं.

"ड्रम केमिकलचे नाहीत ना, ही आमची मोठी काळजी होती. आजींनी स्वतः कॅम्प चारला जाऊन पाच ड्रमांचा वास घेतलाय!"

टाळ्या! जयश्री तर शिट्टी वाजवेल असं वाटलं.

"मॅडम, पुरे," मी म्हटलं, "बाकी खाजगी आहे."

"थांबा ना आजी! हे ऐका. 'विमलला ताप. दोन दिवस कोणी फिरकले नाही. ड्रमला वास. एका जागरूक महिलेने काठीने खत वरखाली केले.'"

"कोन ही जागरूक महिला?" मागून कोणीतरी विचारलं.

"माझ्या खिडकीत वास येत होता म्हणून!" मी ओरडले. तुम्हीही गैरसमज करून घेऊ नका, वास येत होता म्हणूनच!

"'बकरी आली, मेथीत शिरली. हाकलली. पुन्हा आली. पुन्हा हाकलली. बकरी विमलसारखीच हट्टी.'"

अख्खं अंगण हसत होतं. माझा दीर सगळ्यात मोठ्याने. मग 'ड्रमला ताक' वाचलं आणि त्याचं हसू तिथेच थांबलं. विमलकडे बघून म्हणाला, "खरं क गो?"

आणि शेवटी मॅडमने वही उजेडाकडे धरली. "इथे काहीतरी खोडलंय. 'विमलने मेथी दिली. केली. फार…' काय आहे? हां! 'फार गोड लागली.' हे खोडून वर लिहिलंय, 'कडू.'"

हसा! कबूल केलं होतंत, तरी हसा. तिथे तर बकरीवालासुद्धा हसला.

विमल तेवढी हसली नाही. ती माझ्याजवळ आली, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ताई, तवा मी हेच सांगाया आलेली. चार महिन्यांचा काम आठवून सांगते, तेवढा लिवून द्या म्हनून. तुमी तर आधीच सगला लिवलेलान!" आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली. आता पाया पडणाऱ्या जावेला चिमटा तरी कसा काढणार?

जाताना मॅडम माझ्या कानाशी लागली. "आजी, खरं सांगू? नोंद नव्हती म्हणून आम्ही हे काम बंद करणार होतो. शुक्रवारी नकाराचं पत्र निघणार होतं. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं."

ऐकलंत? एक दिवस! पोस्टमन एक दिवस लंगडला असता, किंवा मी नुसती घरात बसून शेंगा सोलल्या असत्या, तरी विमल हरली असती! जो हप्ता बुडवायला मी चार महिने स्टुलावर कंबर मोडली, तो मीच तिच्या ओटीत घातला!

तरी मी सावरले. म्हटलं, "बरं, पुढच्या वर्षीचा माझा अर्ज तयार आहे. नदी थोडी लहान केलीय. अठरा पानं."

मॅडम गोड हसली. "अहो, आता तुम्ही आमच्या अधिकृत साक्षीदार! नियमाने साक्षीदाराला निधी मागता येत नाही."

आता रोज सकाळी सहा दहाला खालून हाक येते. "ओ ताई! आज तीन बादल्या हां! लिवलंव का?"

दोनच असतात. मी मोजून दोनच लिहिते. चुकीचं मला खपत नाही, सांगितलं ना मघाशी. आणि खाली तिचा पालक माझ्या डोळ्यांदेखत हातभर वाढतो. इतका हिरवा की बघवत नाही.

मी वाचायला स्वतः शिकले, लिहायला स्वतः शिकले, जे काही आलं ते भज्यांच्या कागदांवरून आलं. पण 'कधी कधी गप्प बसावं' हे मला कुठल्याच कागदावर सापडलं नाही. की छापलं होतं, आणि नेमकं तिथंच तेल सांडलं होतं, कोण जाणे!