आखूड रिव्हेट

माझा थोरला भाऊ, अण्णा, हवाई दलात इंजिन मेकॅनिक होता. रिटायर होऊन रामनगरला आला आणि घरामागच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधायला लागला. माझं मोटार गॅरेज. फायबरचं काम येतं म्हणून त्यानं मला हाताशी घेतलं.

सुरुवातीला इंजिन फिल्टरशिवायच चालवलं. इथली तांबडी धूळ कुठंही शिरते. आठवड्यानं ऑइल काढलं. अण्णानं ते बोटांत चोळलं, मग माझ्या बोटांना लावलं. कचकच लागली.

"वर असताना इंजिन धरलं असतं, जाग्यावर जाम," एवढंच तो म्हणाला.

मग हवेची पेटी करायची ठरली. पेटी फायबरची, तोंडाशी कारचा फिल्टर, आणि तो चोंदलाच तर हवा घ्यायला बाजूला छोटी झडप. झडपेची बिजागरी आत, फिल्टर आणि इंजिन यांच्या मधे. तिथलं काही सुटलं तर सरळ इंजिनात जाणार.

बिजागरीला रिव्हेट चार हवे होते, मापाचे तीनच उरले. चौथा मी आखूड मारला. वरून चारही सारखेच दिसत होते.

"घट्ट हाय न्हवं?" अण्णानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. बेळगावची एक खेप वाचवायची होती, बाकी काही नाही.

वैनी तेव्हा दारातच होती. "दुसऱ्या फेरीला मी बसणार," म्हणाली.

रविवारी सकाळी शेपटी फणसाला बांधून इंजिन सुरू केलं. आवाज स्वच्छ होता. अण्णानं वेग वाढवत नेला. निम्म्यावर इंजिन अडखळलं. मी हात हलवून बंद करायला लावलं.

"चौथा रिव्हेट आखूड होता," मी सांगितलं.

अण्णानं पाना घेतला, पेटी उतरवली. रिव्हेट कार्बुरेटरच्या तोंडात, हवा कमीजास्त करणाऱ्या, अर्धवट उघड्या पडद्याला अडकला होता. पडदा पुरता उघडला असता तर तो आत गेला असता.

"कधीपासनं ठाऊक हाय?"

"मारला तेव्हापासनं."

दारात उभ्या वैनीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

नवी पेटी अण्णानं एकट्यानं केली, बिजागरी बाहेरून. मला हात लावू दिला नाही. परवानगी आली, विमान उडालं, दुसऱ्या फेरीला वैनी बसली. मी माळावर उभा होतो. टेकडीमागे गेल्यावर आवाज तुटला. डोंगर मधे आला की तसं होतं, हे मला माहीत होतं. तरी तो पुन्हा ऐकू येईपर्यंत मला वर बघवलं नाही.