हौसाबाईचा हात आणि नऊ अंडी

हौसाबाईच्या हाताला यश आहे, असं आमच्या वाडीत सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त ती स्वतःच म्हणायची.

कुणकेश्वराच्या अलीकडे आमची वाडी, पंचवीस घरांची. हौसाबाई तिथली सुईण. वाडीतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हातावर आलेलं, आणि ती ते कोणाला विसरू द्यायची नाही. भर लग्नात नवऱ्यामुलाला सांगायची, "तू पायाळू रे, माझो जीव खाल्लंस." ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या भाईला चार माणसांत म्हणाली, "निळो पडलेलंस. मी पाठीर थापटी मारलंय म्हणान आज खुर्चेर बसलंस." भाई बिचारा हसला. न हसून करतो काय.

मूल जगलं तर हौसाबाईचा हात. मूल गेलं तर आईचं काहीतरी चुकलं. तिने ग्रहणात विळी हाताळली, नको ते खाल्लं, नाहीतर जोर केला नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण हिच्याकडे बघूनच कोणीतरी केली असावी.

जोर केला नाही ती मी. माझं नाव जानकी. एकोणपन्नास साली, आंब्याच्या दिवसांत, मला दुखायला लागलं आणि त्याच दुपारी देवगडच्या एका आंब्याच्या दलालाच्या सुनेलाही. दलालाने हौसाबाईला न्यायला बैलगाडी पाठवली. गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. बैलांच्या घुंगरांचा आवाज मला आत ऐकू येत होता. बाहेरून कोणीतरी, गाडीवालाच असणार, दोनदा सांगितलं की गाडी थांबली आहे, आटपा. मग हौसाबाईने वाट बघायची सोडली. तिने काय केलं ते मी लिहीत नाही. मुलगा झाला, पूर्ण वाढलेला, डोक्यावर दाट केस असलेला, आणि तो रडला नाही. हौसाबाईने हात धुतले आणि ती गाडीत जाऊन बसली. तिकडे तिला लुगडं मिळालं.

तिसऱ्या दिवशी तिने विहिरीवर सांगितलं, "पोर बरा होता. जानकीन जोरच करूक नाय."

हे एक वाक्य मी तेरा वर्षं ऐकलं. भात कांडायला मुसळ उचललं की कोणीतरी म्हणायचंच, "जोर कर गो जानके." थट्टेत हो, सगळं थट्टेत. मला पुन्हा मूल झालं नाही, त्यालाही लोकांनी तेच कारण लावलं. माझा नवरा गंगाराम. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. हा स्वभावाने गरीब. त्याने दुसरी बायको केली नाही म्हणून वाडी त्याला डोक्यावर घेऊन नाचायची. अशा बायकोला सांभाळतो, केवढं मोठं मन.

मला हौसाबाईकडून एकच गोष्ट पाहिजे होती. जिथे उभं राहून ती ते बोलली, तिथेच उभं राहून तिने सांगावं की जोर मी केला होता आणि घाई तिला झाली होती. तोपर्यंत तिच्या घरात पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दोन घरांत अंतर केवढं, तर एक दगडी गडगा. तेरा वर्षं मी त्या गडग्यापलीकडे बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, बघायचे. म्हातारी मेली की काय ते बघायला.

बासष्ट साली गंगारामचा चुलतभाऊ लवू मंगळूरहून कौलांनी भरलेलं गलबत घेऊन देवगडला आला. येताना त्याने भाताच्या तुसात घालून बदकाची नऊ अंडी आणली. आमच्या वाडीत तोवर बदक कोणी पाळलं नव्हतं. लवू म्हणाला, तिकडे शेतातल्या चिखलात बदकं सोडतात, ती किडे वेचून खातात, अंडंही कोंबडीपेक्षा मोठं. बसवायची कशी विचारलं तर म्हणाला, कोंबडीखाली. एवढं सांगून शहाणा पुढे रत्नागिरीला गेला. किती दिवस बसवायची ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

माझ्या कोंबड्या त्या वेळी अंडी घालत होत्या, उबवायला बसणारी खुडूक एकही नव्हती. खुडूक कोंबडी होती हौसाबाईकडे. गंगाराम मला न विचारता अंडी तिला देऊन आला, अर्धलीने. पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी आमची.

"अगो, तिचो हात बरो आसा," असं मला तोंडावर म्हणाला.

त्या दिवशी मी कालवणात मीठ घातलं नाही. तो तसंच जेवला.

हौसाबाई गुडघ्यांमुळे विहिरीवर यायची थांबली होती, पण तिची सून रुक्मिणी रोजची खबर आणायची. टोपलीत गवत घातलं, गवतात कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवला, कारण वीज कडाडली तर अंडी बिघडतात. आठव्या दिवशी उन्हाच्या कवडशात एकेक अंडं मुठीत धरून बघितलं, एक पोकळ निघालं ते फेकलं. आठ उरली. माझ्या हातावर आता बदकंपण येणार, असं म्हातारी घरभर सांगत होती. देवगडला तेव्हा सरकारी नर्स आली होती आणि पोटुशा बायका तिच्याकडे जाऊ लागल्या होत्या. बाळंतपणं गेली, हौसाबाईकडे बदकं उरली. ऐकून मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं असं कोणी म्हणेल, तर त्याने म्हणावं.

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी येतात, मग बदकाची का नाहीत? बाविसाव्या दिवशी सकाळी रुक्मिणीने गडग्यावरून हाक मारली. "आये तुका बोलवता. अंडी तुमची, तू समोर व्हयी म्हणता."

उद्या दोष द्यायला कोणीतरी समोर लागतं, ते हौसाबाईला बरोबर कळायचं. तरी मी गेले. तेरा वर्षांचं व्रत आठ अंड्यांसाठी मोडलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

तिने परातीत कोमट पाणी घेतलं होतं. पाण्यात अंडं सोडलं की आत जीव असेल तर ते आपोआप डुलतं, हे कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. आठही डुलली.

"जिते आसत," हौसाबाई म्हणाली. "दिस भरले, पण भायर येणत नाय. अडलीहत."

"मगे?"

"मगे काय. हात लावचो पडतलो."

तिचा चेहरा एकदम तरतरीत झाला होता. कितीतरी महिन्यांनी तिला कोणीतरी अडलेलं मिळालं होतं. तिने दाभणाने अंड्याच्या जाड टोकाला टोचा मारला आणि नखांनी कवच सोलायला घेतलं. आधी रक्त आलं. मग पिल्लू दिसलं. ओली काळी लव, इवलीशी चपटी चोच. पण पोटाबाहेर पिवळ्या बलकाची गाठ तशीच होती. बाहेर यायच्या वेळेला ती गाठ पोटात गेलेली असते. ती बाहेर आहे म्हणजे दिवस भरले नाहीत. मला कळलं ते हौसाबाईला कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. चोच तिच्या तळहातावर दोनदा उघडली, मिटली आणि तशीच राहिली.

"ह्येच्यातच जोर नाय," हौसाबाई म्हणाली, आणि तिने दुसऱ्या अंड्याकडे हात नेला.

मी तिचं मनगट धरलं. "काकी, दुसऱ्या अंड्याक हात लावलंस तर हात मोडीन तुझो."

"अगो, कोंबडी माझी आसा."

"कोंबडीपण व्हरतंय."

मी सात अंडी पुसून टोपलीत ठेवली, वर कोंबडी बसवली, गोणपाटाने झाकली आणि घरी आणली. ती रागाने फुगली होती, पण अंड्यांवरून उठली नाही. तिला हौसाबाईपेक्षा अक्कल होती.

पुढचे दिवस फार वाईट गेले. चोविसाव्या दिवशी माझ्याही हातात सुई आली होती. एकच फोडून बघावं, बाकीची राहू दे, असं मनात आलं. नुसतं बसून राहिलं की आपण काही करतच नाही असं वाटतं आणि हात शिवशिवायला लागतात. त्या दिवशी मला हौसाबाईची घाई समजली, आणि समजली म्हणून तिचा आणखीच राग आला. मी सुई तरी खाली ठेवली.

सत्ताविसाव्या दिवशी एका अंड्याला तडा गेला. आतून टकटक ऐकू यायची, थांबायची, पुन्हा यायची. दिवसभर मी हात पदरात गुंडाळून बसले. अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं आपली आपण बाहेर आली. दोन आली नाहीत. तीही मी फोडली नाहीत, तशीच माडाच्या बुडाशी पुरली.

एक पिल्लू पदरात घेऊन मी गडगा ओलांडला आणि हौसाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"कितक्या दिसांनी?" तिने विचारलं.

"अठ्ठाईस."

तिने बोटांच्या पेरांवर दोनदा मोजलं. पिल्लाने तिच्या लुगड्यावर घाण केली, तिचं लक्ष गेलं नाही.

"म्हणजे त्या पिलाचे दिस भरूक नव्हते," ती म्हणाली. मग पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "तुझ्या झिलाचे भरलेले. मी वायच थांबलंय असतंय तर तो आपसूक इलो असतो."

हे ऐकल्यावर काय करायचं ते मी तेरा वर्षं ठरवून ठेवलं होतं. तोंडावर थुंकायचं, नाहीतर ओरडून वाडी गोळा करायची. त्यातलं काही सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, "ह्या हयसर नको. बावीर सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीची चढण बसत उठत चढून आली. बायका बाजूला झाल्या. तिने कठडा धरला आणि म्हणाली, "जानकीन जोर केल्यान होतो. घाई माका होती. गाडी थांबली होती म्हणान घाई केलंय. पोर माझ्या हातान गेला."

तेरा वर्षं मला जोर कर म्हणणाऱ्या बायकांना त्या दिवशी पाणी ओढायची फार घाई झाली होती.

मी घरी आले. गंगाराम पाटावर बसून जेवत होता. विहिरीवर काय झालं ते मी त्याला सांगितलं. तो भात कालवत राहिला.

"माका म्हायत होता," तो म्हणाला.

"काय म्हायत होता?"

"ता गाडयेचा. गाडयेवाल्याचो निरोप मियाच आत दिलंय. दलाल आमचे आंबे घेय. तेची गाडी थांबवन कशी ठेवतलो?"

मी ज्याला गाडीवाल्याचा आवाज समजत होते, तो ह्याचा होता.

"मगे तेरा वर्सा बोललात नाय कित्याक?"

"बायकांच्या भांडणात बाप्यान कित्याक पडाचा. झाला ता झाला." आणि त्याने कालवण मागितलं.

म्हणजे माझ्याशेजारी झोपणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक होतं. लोक माझ्यावर दया करायचे आणि त्याला मोठा म्हणायचे, ते तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. आणि मी माझा सगळा राग गडग्यापलीकडे फेकत राहिले. हौसाबाई चुकली, वर खोटं बोलली. पण सत्तराव्या वर्षी मोडक्या गुडघ्यांनी चढण चढली आणि स्वतःच्या तोंडाने बोलली. ह्याला पाटावरून उठावंसुद्धा लागलं नाही.

"तुमीपण बावीर जावा आणि सांगा," मी म्हटलं.

"बाप्यान बावीर जावचा नसता गो," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

मी रिकामी कळशी त्याच्यासमोर ठेवली. त्या दिवशी मी पाणी आणलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला आणि पिल्लांना रुक्मिणी गडग्यावरून पाणी देत होती. तिसऱ्या दिवशी गंगाराम कळशी उचलून निघाला.

काय झालं ते मला रुक्मिणीने येऊन सांगितलं. विहिरीवर सहा-सात बायका होत्या. हा आला, कळशी भरली, सगळ्यांकडे बघून हसला आणि एक अक्षर न बोलता परत फिरला.

त्याने भरलेली कळशी माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि मी काहीतरी म्हणेन म्हणून उभा राहिला. मी कळशी अंगणात नेली आणि बदकांच्या परातीत सगळी ओतली.